अर्थ लागला की दिवा लागतो

किरचॉफचे नियम आपण सेमिस्टरभर घोकतो. पण गाडीत एखादा जास्तीचा दिवा, हॉर्न किंवा अँप्लिफायर बसवायची वेळ आली की निगेटिव्हची वायर जवळच्या बोल्टला गुंडाळून मोकळे होतो. ‘बॉडी आहे ना, लाव कुठंही!’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. याच वाक्यानं मागच्या पावसाळ्यात माझ्या मामाला माळशेज घाटात घाम फोडला. त्या निमित्तानं जे शिकलो, ते इथं मांडतो.

मामाचं गाव ओतूरजवळ. टोमॅटोच्या दिवसांत त्याची पिकअप नारायणगावच्या बाजारात असते, नाहीतर घाट उतरून कल्याण-वाशीला जाते. घाटातल्या धुक्यासाठी त्यानं बंपरवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे आणि जोडीला मोठा हॉर्न बसवून घेतला होता. दिवे पहिल्यापासूनच जरा पिवळट वाटायचे आणि हॉर्न दाबला की आणखी मिणमिणायचे. त्या रात्री पाऊस, धुकं आणि वळणावर बंद पडलेला ट्रक. मामानं सवयीनं हॉर्न दाबला आणि नेमका तेव्हाच उजेड गेला! ब्रेक लागले म्हणून निभावलं. क्रेट पुढे सरकून केबिनवर आदळले, दोन क्रेटचा चिखल झाला, पण माणसं वाचली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकमतानं निकाल दिला की बॅटरी गेली, नवी टाका. मी म्हटलं, “मामा, एक दिवस थांब. मी कॉलेजातून मीटर आणतो.”

‘अर्थ’ म्हणजे नेमकं काय?

आपल्या जुन्नर-आंबेगावात अर्थिंग म्हटलं की विहिरीवरच्या पंपाचा खड्डा आठवतो. कोळसा, मीठ, पुरलेली पट्टी आणि उन्हाळ्यात वर ओतलेली पाण्याची बादली. तिथली अर्थिंग खरोखर जमिनीशी जोडलेली असते, कारण तिथं प्रश्न शॉक लागून माणूस मरण्याचा असतो. गाडी मात्र रबरी टायरवर उभी असते. तिचा जमिनीशी काही संबंध नाही. गाडीतली ‘अर्थ’ म्हणजे करंटचा परतीचा रस्ता, एवढंच. बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून जेवढे अँपिअर निघाले, तेवढे निगेटिव्हला परत आलेच पाहिजेत. टोमॅटोचे भरलेले क्रेट बाजारात गेले आणि रिकामे परत आलेच नाहीत, तर चार दिवसांत तोडणी थांबते. तसंच हे.

तांब्याची दुसरी वायर वाचावी म्हणून परतीसाठी बॉडीचं पोलाद वापरतात. पोलादाची रोधकता तांब्याच्या सहापट किंवा जास्तच असते, पण बॉडीचा काटछेद एवढा मोठा, की तिचा रोध नगण्य ठरतो. म्हणजे घोटाळा पत्र्यात नसतो, तो वायर आणि पत्रा जिथं भेटतात त्या सांध्यात असतो. तिथं रंग असतो, गंज असतो, चिखल असतो. आपल्याकडे पश्चिम पट्ट्यात पाऊस धो धो पडतो, आणि त्याच गाडीतून खताच्या गोणीही जातात. खताची पूड ओल धरते आणि लोखंड खाते.

मीटर काय बोलला?

आधी मी सगळ्यांसारखंच केलं. दिवे बंद ठेवून मीटर ‘बीप’वर लावला. एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बीप वाजली! मामा म्हणाला, “बघ, अर्थिंग चांगलं आहे.” इथंच आपण फसतो. बरेच मीटर वीस-तीस ओमपर्यंत बीप देतात. ओमच्या रेंजवर मोजलं तरी मीटरच्या वायरींचाच रोध काही दशांश ओम असतो. आपल्याला शोधायचा असतो ०.१ ओमचा दोष. तागडीवर गोणीची वजनं ठेवून सोनं तोलण्यातला प्रकार!

खरी चाचणी भार चालू ठेवून घ्यायची. मीटर डीसी व्होल्टवर, २ व्होल्टची रेंज. काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे. लाल पिन दिव्याच्या अर्थ वायरवर. मग दिवे लावायचे. रस्ता चोख असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.२ पर्यंत चालवून घेता येतं, ०.५ च्या वर गेलं तर सांधा उघडायलाच हवा.

मामाच्या गाडीवर आकडा आला १.४ व्होल्ट. करंट सुमारे ८ अँपिअर, म्हणजे सांध्याचा रोध १.४ भागिले ८, जवळपास ०.१७ ओम. आणि त्या एका बोल्टवर ११ वॅटची उष्णता. बोट लावलं तर चटका बसत होता.

१.४ व्होल्टनं काय होतं असं वाटेल. पण फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. १२.३ ऐवजी १०.९ व्होल्ट मिळाले की उजेड एक-तृतीयांशानं घटतो. हॉर्नची अर्थही त्याच बोल्टला होती. त्यामुळे हॉर्न वाजला की बोल्टवरचा ड्रॉप आणखी वाढायचा आणि दिवे बसायचे. बॅटरी बिचारी ठणठणीत होती.

चांगली जागा कशी निवडायची?

दोष कुठं आहे ते शोधायला काळी पिन तिथंच ठेवून लाल पिन टप्प्याटप्प्यानं सरकवायची: दिव्याची वायर, तिची थिंबल, बोल्ट, ब्रॅकेट, चासी, बॅटरीचा क्लॅम्प. जिथं आकडा एकदम उडी मारून खाली येतो, त्याच्या अलीकडचा सांधा चोर. आमचा चोर निघाला ब्रॅकेट आणि चासी यांच्यामधला रंग.

जागा निवडताना जाड, वेल्ड केलेला, चासीचा किंवा बॉडीचा मुख्य भाग बघा. दार, बॉनेट यांच्या बिजागऱ्या नकोत. रबरावर बसलेलं ब्रॅकेट नको. पातळ पत्र्यात पिळलेला स्क्रू नको. सीट बेल्टच्या बोल्टला आणि पेट्रोल-डिझेलच्या पाइपजवळ तर अजिबात नको. छिद्र पाडण्याआधी पत्र्यामागं काय आहे ते वाकून बघा. बाहासारख्या स्पर्धेची गाडी बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की पावडर कोटिंग दिसायला सुंदर असलं तरी ते विद्युतरोधक आहे.

काम असं करायचं. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. उलट केलंत आणि पॉझिटिव्ह सोडवताना पान्हा बॉडीला टेकला, तर ठिणग्यांची दिवाळी होते. थिंबलएवढा भाग पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा. वायर पिळून गुंडाळू नका, थिंबल क्रिंप करा. दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. आधी आवळणं, मग रंग. हा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

वायरची जाडीही बघा. १ चौ. मि.मी. तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १८ मिलिओम असतो. तीन मीटर तारेतून ८ अँपिअर गेले की ०.४ व्होल्टहून जास्त तिथंच संपतात. म्हणून अर्थची वायर पॉझिटिव्हएवढीच जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथं जादा वायर थेट खांबाला न जोडता बॉडीच्या बाजूला जोडा, नाहीतर तो करंट सेन्सरच्या हिशेबात येत नाही.

इंजिनाचा पट्टा आणि अँप्लिफायरची शिट्टी

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन, बॉडी आणि बॅटरी यांना जोडणारी जाड केबल किंवा विणलेला पट्टा लागतो. तो तुटला तर स्टार्टरचा शेकडो अँपिअर करंट मिळेल ती वाट धरतो, कधी ॲक्सिलरेटरची केबलसुद्धा. केबल तापून जाम झाली तर कारण तिथं शोधा. सेल मारताना इंजिन ब्लॉक आणि निगेटिव्ह खांब यांच्यात ०.३ व्होल्टहून जास्त आलं की पट्टा तपासायचा.

अँप्लिफायरमधून इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते, तीही बहुधा अर्थचीच तक्रार. डेकची अर्थ एका जागी, अँप्लिफायरची दुसरीकडे, आणि दोन्हींत थोडा व्होल्टेजचा फरक. मग सिग्नलच्या केबलच्या जाळीतून करंट वाहतो आणि अल्टरनेटरचा तरंग गाण्यात मिसळतो. आपल्या खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले अतिक्षीण रेडिओ संदेश ऐकतात, आणि अशा कामाला माणसानं केलेला विद्युत गोंगाट जिथं कमी, तीच जागा लागते. धडा आपल्यालाही तोच: नको असलेला सिग्नल नंतर गाळण्यापेक्षा आत येऊच न देणं सोपं.

शेवटी

मामाच्या गाडीचा एकूण खर्च पॉलिश पेपर, दोन थिंबल, दातेरी वॉशर आणि दीड मीटर वायर इतकाच झाला. हॉर्नची अर्थ वेगळ्या बोल्टला दिली. परत मोजलं, ०.०८ व्होल्ट. मामानं दिवे लावले, हॉर्न दाबला. उजेड जागचा हलला नाही. तो काही बोलला नाही, फक्त पुन्हा एकदा हॉर्न वाजवून बघितला.

तेव्हा सुट्टीत घरी जाल तर घरच्या गाडीवर ही पाच मिनिटांची चाचणी नक्की करा. रात्री भीमाशंकर किंवा माळशेजच्या धुक्यात आपलंच कुणीतरी स्टिअरिंगवर असतं. आणि हो, लॅबमधून नेलेला मीटर आठवणीनं परत जमा करा. माझा एक दिवस उशिरा गेला, तर सरांनी व्हायव्हात पहिला प्रश्न ‘अर्थ म्हणजे काय?’ हाच विचारला!