विश्रांतीचा दिवस

(कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स हे गाव एकेकाळी सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते. तेथे सायकलवर घालवलेल्या एका दिवसाचे वर्णन या पाठात आहे.)

दिवाळीच्या सुटीत मी आणि माझा मित्र सायकलने बंगळूरहून चेन्नईला निघालो होतो. दोन दिवसांत शंभर किलोमीटर सायकल चालवून आमचे पाय भरून आले. म्हणून तिसऱ्या दिवशी कोलार गोल्ड फील्ड्स येथे विश्रांती घ्यायचे ठरले.

सकाळी मित्र म्हणाला, "आज सामान नाही, घाई नाही. चल, गाव पाहून येऊ."

रॉबर्टसनपेठेच्या बाजारातून बाहेर पडताच करड्या-पांढऱ्या टेकड्या दिसल्या. त्या निसर्गाने केलेल्या नाहीत. खडक दळून, सायनाइडच्या साहाय्याने सोने काढल्यावर उरलेला भुगा वर्षानुवर्षे तेथे टाकला गेला. वारा सुटला, की तो भुगा डोळ्यांत जातो.

वाटेत माझी सायकल पंक्चर झाली. जवळच एक लहानसे दुकान होते. दुकानदार चाचांची दख्खनी उर्दू ऐकून आम्हांला घरी आल्यासारखे वाटले.

"चाचा, तुम्ही खाणीत काम केले आहे का?" मी विचारले.

"तीस वर्षे, बेटा," ते म्हणाले. त्यांनी समोर बोट दाखवले. एक लोखंडी मनोरा उभा होता. त्याच्या माथ्यावर मोठी चाके होती. "त्या चाकांवरून दोर जायचा आणि आमचा पिंजरा खाली उतरायचा. खाली एवढी उष्णता, की अंगातून घामाच्या धारा लागत. कधी दाबाने खडक फुटे. वर जमीन हादरली, की बायका-मुले खाणीच्या तोंडाकडे धावत. माझी आईही धावायची. एकदा अब्बा वर आलेच नाहीत."

आम्ही गप्प झालो. चाचा ट्यूबवर ठिगळ लावत राहिले.

जॉन टेलर आणि सन्स या इंग्रज कंपनीने १८८० मध्ये येथे काम हाती घेतले. खाणींसाठी कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून १९०२ मध्ये वीज आणली गेली. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. या खाणींतून सुमारे आठशे टन सोने निघाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांसह येथेच, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, १९६५ मध्ये न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांचा शोध घेतला. साहेबांचे बंगले प्रशस्त होते. कामगारांच्या वाट्याला मात्र लहान घरांच्या रांगा आल्या.

"सोने संपले का?" मित्राने विचारले.

"नाही. पण खडकात सोने कमी आणि खोली जास्त. खर्च परवडेना. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. भोंगा थांबला. कितीतरी दिवस मी पहाटे भोंग्याची वाट पाहत उठत होतो."

चाचांनी पंक्चरचे पैसे घेतले नाहीत. "तुम्ही विचारलेत, तेच पुष्कळ," ते म्हणाले.

संध्याकाळी आम्ही मारिकुप्पम स्टेशनवर गेलो. बंगळूरहून गाडी आली. डबे हातात घेतलेली माणसे भराभर उतरली. गावात काम उरले नाही, म्हणून हजारो लोक रोज असा प्रवास करतात. त्यांचे थकलेले चेहरे पाहून मला माझ्या दुखणाऱ्या पायांची लाज वाटली.

त्या दिवसापासून कोणाच्या हातात सोन्याची बांगडी दिसली, की मला चाचांची आई आठवते.

शब्दार्थ
भुगा – चुरा. ठिगळ – जोड, तुकडा. प्रशस्त – ऐसपैस, मोठा. परवडणे – खर्च झेपणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) करड्या-पांढऱ्या टेकड्या कशाच्या होत्या?
(आ) खाण का बंद झाली?
२. जमीन हादरल्यावर बायका-मुले खाणीकडे का धावत?
३. 'पाय भरून येणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
४. तुमच्या गावातील बंद पडलेल्या एखाद्या कारखान्याविषयी वडीलधाऱ्यांना विचारा व पाच वाक्ये लिहा.