झोपेत बाळाला घाम येतो : घाबरावे कधी, घाबरू नये कधी?

एप्रिल महिना लागला की आमच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास सुरू होते. मागे अंबडकडच्या एका खेड्यातून एक आजी दोन महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. सोबत सून होती. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, लेकरू झोपलं की डोकं नुसतं भिजून जातंय बघा. कॅल्शियम कमी झालं असंल. एखादी बाटली लिहून द्या."

बाहेर पारा चाळिशीच्या वर गेलेला आणि बाळाच्या डोक्यावर लोकरीची कुंची, अंगात दोन झबली, वरून घट्ट बांधलेले दुपटे! मी बाटली लिहून दिली नाही. कुंची आणि दुपटे काढायला सांगितले. थोड्या वेळात पंख्याखाली बाळाचे कपाळ कोरडे झाले. मात्र बाळाला नीट तपासल्याशिवाय आणि सुनेला एक प्रश्न विचारल्याशिवाय मी त्यांना घरी जाऊ दिले नाही. त्या प्रश्नाकडे आपण पुढे वळूच. आधी हा घाम येतो का, ते पाहू.

घाम डोक्यालाच का?

घाम हा रोग नव्हे. अंगातील जादा उष्णता बाहेर टाकण्याची ती निसर्गाची सोय आहे. माणसाच्या कातडीत साधारण 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात आणि त्या जन्माच्या वेळीच तयार असतात. मोठ्या माणसाच्या अंगावर त्या पसरलेल्या असतात, बाळाच्या एवढ्याशा कातडीत त्या दाटीवाटीने बसलेल्या असतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला घाम येऊ लागतो तो प्रथम कपाळाला आणि डोक्याला. हातापायांच्या ग्रंथी मागाहून कामाला लागतात.

शिवाय बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. मोठ्या माणसात डोके म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी; तान्ह्या बाळात ते जवळजवळ पाचवा हिस्सा असते. म्हणजे डोके ही बाळाची उष्णता बाहेर पडण्याची मोठी खिडकी. तीच आपण कुंचीने बंद करतो! मोठा माणूस झोपेत उकडले तर पांघरूण लाथाडतो, कूस बदलतो. तान्हे बाळ एकाच जागी डोके टेकून पडून राहते. मग उशी ओली होते आणि घरातले घाबरतात.

कॅल्शियमचे काय? मुडदूस झालेल्या मुलांच्या डोक्याला घाम येतो, असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते. परंतु नुसता घाम आला म्हणजे मुडदूस झाला, असे मुळीच नाही. बाळाला पहिल्या वर्षी रोज 400 युनिट 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत. घामासाठी वेगळ्या टॉनिकची गरज नाही.

घरी काय करावे?

बाळाला उकडते आहे की नाही, हे हातपाय चाचपून ठरवू नका. तान्ह्या बाळाचे हातपाय थोडे गार असणे नेहमीचेच. मानेच्या मागे किंवा पोटावर हात ठेवा. तेथे गरम आणि ओलसर लागले तर कपडे जास्त झाले आहेत.

उन्हाळ्यात एक पातळ सुती झबले आणि लंगोट पुरे. थंडीत मोठ्या माणसाला जेवढे कपडे लागतात त्याहून एखादा जास्त, एवढाच हिशेब ठेवा. घरात झोपताना डोके व तोंड उघडे असू द्या. बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणावर झोपवा. जाड गोधडी, मऊ उशी जवळ नको. अति गुंडाळणे आणि तोंडावर पांघरूण येणे यामुळे झोपेतच बाळ दगावण्याचा धोका वाढतो, हे आता सिद्ध झाले आहे. साडीच्या झोळीत बाळ चारही बाजूंनी कापडात वेढले जाते, वारा लागत नाही आणि मान वाकडी होते. म्हणून झोपेसाठी झोळी टाळावी.

पत्र्याच्या घरात दुपारी बाळाला गार जागी, खाली झोपवा. पंखा चालेल. कूलर असेल तर त्याचा झोत अंगावर घेऊ नका आणि खिडकी उघडी ठेवा. घामोळ्यांवर पावडर थापू नका. ती श्वासातून आत जाते. साध्या पाण्याने अंग पुसून कोरडे करणे पुरते. सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी नको, उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात पाणी भरपूर असते. अंगावर जास्त वेळा पाजा. दिवसातून सहा वेळा लघवी होत असेल तर पाणी पुरते आहे असे समजा.

येथे एक इशारा. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना हा नियम जसाच्या तसा लावू नये. त्यांना ऊब हवीच. ती आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून उत्तम मिळते. अशा बाळांना घाम नीट येतच नाही. त्यामुळे अंग कोरडे असले तरी ते तापलेले असू शकते. हात लावून पाहत राहा.

तो एक प्रश्न

त्या सुनेला मी विचारले, "घाम कधी येतो? झोपल्यावर, की दूध पिताना?"

हा प्रश्न मला एका चुकीने शिकवला. पंचवीसेक वर्षांपूर्वी, प्रॅक्टिस नवीन असताना, एक आई दीड महिन्याच्या मुलीला घेऊन आली होती. "लई घाम येतो," एवढेच ती म्हणाली. मी म्हणालो, "उकाडा आहे, कपडे कमी करा." तीन आठवड्यांनी ती परत आली. मुलीचे वजन तसूभरही वाढले नव्हते आणि श्वास भात्यासारखा चालला होता. तेव्हा मी विचारले. आई म्हणाली, "छातीला लावलं की दोन घोट घेते अन् दमते. कपाळावर घामाचे थेंब येतात." मुलीच्या हृदयाला छिद्र होते. घाटी रुग्णालयात पाठवले, पुढे मुंबईस शस्त्रक्रिया झाली, मुलगी वाचली. पण ते तीन आठवडे माझ्यामुळे वाया गेले, हे मी विसरलेलो नाही.

दूध ओढणे ही तान्ह्या बाळाची सर्वांत मोठी मेहनत. हृदय कमजोर असेल तर ते त्याच वेळी उघडे पडते. काही वेळा जन्मानंतर लगेच तपासणीत काही सापडत नाही. छिद्र मोठे असेल तर त्रास चार-सहा आठवड्यांनी सुरू होतो. म्हणून "जन्मल्यावर डॉक्टरांनी पाहिले होते" यावर थांबू नये.

ताबडतोब दाखवा

पुढीलपैकी काहीही दिसले तर दृष्ट काढण्यात वेळ घालवू नका :

• दूध पिताना घाम येतो, बाळ थांबून थांबून पिते, वजन वाढत नाही.

• बाळ शांत असताना श्वास जोरात चालतो. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, म्हणजे धोका. छाती आत ओढली जात असेल तरीही धोकाच.

• घाम गार, अंग फिके, ओठ निळसर किंवा बाळ मलूल.

• दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या काखेत 99.5 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, किंवा अंग गार पडणे, किंवा दूध सोडणे.

• मोठ्या मुलात रात्रीच्या घामासोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप आणि वजन घटणे (घरात क्षयरोगी असल्यास अधिकच). किंवा मोठे घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे.

पैशाअभावी कोणी घरी बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली आपल्याच महाराष्ट्रात पालघर येथून झाली. हृदयाचे जन्मजात दोष त्यात येतात आणि उपचार मोफत होतात. आशाताईंना, अंगणवाडीत किंवा जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

त्या आजींच्या नातवाचे वजन छान वाढले होते, दूधही तो दम न लागता पीत होता. कुंची पिशवीत घालून आजी हसत परतल्या. वाचकहो, झोपेतला घाम पुसा आणि निश्चिंत राहा. दूध पिताना आलेला घाम मात्र नुसता पुसू नका; बाळाला घेऊन दवाखाना गाठा.