घटक ४ : युवकांच्या श्रमशक्ती-सहभागाचे मापन

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
● श्रमशक्ती आणि श्रमशक्तीबाहेरील लोकसंख्या यांतील भेद सांगता येईल.
● श्रमशक्ती-सहभाग दर व बेरोजगारी दर काढता येतील.
● संदर्भकाळ बदलला की आकडा का बदलतो, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रस्तावना

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना वाटेत मार्गासनी हे गाव लागते. हा गुंजवणी खोऱ्यातील भातशेतीचा प्रदेश. येथील एखाद्या घरी ‘मुलगी काय करते?’ असे विचारले, तर ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात तीच मुलगी आषाढात चिखलात उभी राहून भातलावणी करते आणि दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणीला असते. तिची गणना कोठे करायची, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

४.३ मूलभूत संकल्पना

काम करणारे आणि काम नसल्याने ते शोधणारे किंवा कामास उपलब्ध असणारे, या सर्वांची मिळून श्रमशक्ती होते. केवळ शिक्षण घेणारे किंवा केवळ घरकाम करणारे श्रमशक्तीबाहेर मानले जातात. घरच्या शेतात विनावेतन राबणारी व्यक्ती मात्र व्याख्येनुसार ‘काम करणारी’ ठरते. युवक म्हणजे सामान्यतः १५ ते २९ वयोगट.

सहभाग दर = (श्रमशक्ती ÷ त्या वयोगटाची लोकसंख्या) × १००
बेरोजगारी दर = (बेरोजगार ÷ श्रमशक्ती) × १००

दोन्ही सूत्रांतील छेद वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

४.४ संदर्भकाळ

अर्थतज्ज्ञ दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्ये भारतासारख्या देशात बेरोजगारी एकाच आकड्यात मांडण्यास हरकत घेतली. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २७ व्या फेरीपासून (१९७२-७३) अनेक मापने वापरात आली. २०१७ पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात मुख्यतः दोन मापने आहेत :

(अ) नेहमीची स्थिती : मागील ३६५ दिवसांतील अधिक काळ व्यक्ती ज्या स्थितीत होती, ती मुख्य स्थिती. त्याखेरीज ३० दिवस किंवा अधिक काम केले असल्यास ते दुय्यम स्थितीत धरले जाते.
(आ) चालू साप्ताहिक स्थिती : मागील ७ दिवसांत एखाद्या दिवशी किमान १ तास काम केलेली व्यक्ती रोजगारात मोडते.

४.५ उदाहरण

समजा, एका गावात १०० युवक आहेत. ४० काम करतात, १० काम शोधतात, ५० बाहेर आहेत. सहभाग दर ५० टक्के व बेरोजगारी दर २० टक्के येतो.

आता बाहेरच्या ५० पैकी १२ मुलींनी लावणी-कापणीत ३५ दिवस काम केल्याचे नीट विचारल्यावर कळले. दुय्यम स्थिती धरताच श्रमशक्ती ६२ होते. सहभाग दर ६२ टक्क्यांवर जातो आणि बेरोजगारी दर १६.१ टक्क्यांवर येतो. साप्ताहिक मापनात याच मुली आषाढात कामकरी, तर चैत्रात श्रमशक्तीबाहेर दिसतील.

याउलट, मूळ उदाहरणात काम शोधणाऱ्या १० पैकी ५ जण निराश होऊन शोध थांबवतात व कामास उपलब्धही राहत नाहीत, असे समजा. श्रमशक्ती ४५ व बेरोजगार ५ उरतात. बेरोजगारी दर ११.१ टक्के होतो. दर घटला, पण नोकरी एकालाही मिळाली नाही.

४.६ आकड्यांचे वाचन

नेहमीच्या स्थितीनुसार (मुख्य व दुय्यम मिळून) भारतातील १५-२९ वयोगटाचा सहभाग दर २०१७-१८ मध्ये ३८.२ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४६.५ टक्के झाला. याच काळात बेरोजगारी दर १७.८ वरून १०.२ टक्क्यांवर आला. मात्र या आकड्यांवरून कामाचा मोबदला किंवा दर्जा समजत नाही. पगारी नोकरी आणि घरच्या शेतातील विनावेतन मदत दोन्ही ‘रोजगार’च ठरतात. तसेच कमी सहभाग नेहमी वाईट नसतो. महाविद्यालयात जाणारे युवक वाढले तरीही तो घटतो.

४.७ सारांश

सहभाग दर हा व्याख्या, संदर्भकाळ आणि प्रश्न विचारण्याची पद्धत यांवर अवलंबून असतो. ‘घरीच असते’ हे उत्तर जसेच्या तसे नोंदवले, तर एका व्यक्तीचे वर्षभरातील श्रम नोंदीतून पुसले जातात. त्या नोंदींवरच रोजगारविषयक धोरणे आखली जातात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मुख्य व दुय्यम स्थितीतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. बेरोजगारी दर घटूनही रोजगार न वाढणे कसे शक्य आहे?

उपक्रम : आपल्या परिसरातील दहा युवकांची वर्षभरातील कामे महिन्यानुसार नोंदवा व दोन्ही मापनांनुसार सहभाग दर काढा.