न भागणारी तहान

मेहकर तालुक्यातील जानेफळच्या परिसरात एका शाळेवर मी मुख्याध्यापक होतो, त्या वेळची ही गोष्ट. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच भरू लागली होती. सकाळी चांगलीच थंडी पडे. अशा दिवसांत सातवीच्या वर्गातील एक मुलगा दर तासाला उठून माठाकडे जाई. आणि पाणी पिऊन येतो न येतो तोच लघवीस जाण्याची परवानगी मागे. वर्गशिक्षकांनी त्याला माझ्यापुढे आणून उभे केले. 'अभ्यासाचा कंटाळा, दुसरे काय!' असे निदान मी करून टाकले आणि मधल्या सुटीखेरीज वर्गाबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, अशी ताकीद दिली. मुलगा खाली मान घालून निघून गेला.

घरी तो भाकरीवर भाकरी खाई, तरी दिवसेंदिवस वाळत चालला होता. आजीला वाटले, पोराला दृष्ट लागली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. एके दिवशी पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोराने चालू लागला आणि तोंडाला अतिपक्व फळासारखा वास येऊ लागला. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा एक थेंब काढून तपासला आणि तत्काळ त्याला बुलढाण्याला हलविले. मुलाला मधुमेह झाला होता. ज्या पाण्यासाठी मी त्याला रागावलो, ते त्याचे शरीरच मागत होते.

हे कसे घडते, ते पाहा. आपण खाल्लेल्या भाकरीची, भाताची पोटात साखर होते व ती रक्तातून सर्व शरीरभर फिरते. परंतु पेशींच्या आत शिरण्यास तिला इन्सुलिन नावाच्या द्रव्याची मदत लागते. हे द्रव्य जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात तयार होते. इन्सुलिन नसेल तर साखर रक्तातच साचून राहते. मूत्रपिंडे ती मूत्रावाटे बाहेर टाकतात, आणि जाताना ती आपल्याबरोबर पुष्कळ पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, म्हणूनच ती न भागणारी तहान. इकडे पेशी मात्र उपाशीच! कोठार धान्याने भरलेले असावे आणि किल्ली हरवल्यामुळे घरच्यांनी उपाशी राहावे, तशी ही अवस्था. मग शरीर स्वतःचीच चरबी व स्नायू जाळू लागते.

आपल्या प्राचीन वैद्यांनी हा रोग ओळखला होता. अशा रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे चरकसंहितेत नमूद आहे. सुश्रुताने तर त्याचे दोन प्रकार सांगितले: एक जन्मतःच असणारा, ज्यात रोगी कृश असतो, आणि दुसरा अपथ्याने होणारा, ज्यात रोगी बहुधा स्थूल असतो. परंतु ओळखणे निराळे आणि वाचविणे निराळे. कॅनडातील टोरोंटो शहरी लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा या रोगाने मरणपंथाला लागला होता. त्याचे वजन अवघे २९ किलो उरले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला इन्सुलिन टोचण्यात आले. औषध पुरेसे शुद्ध नव्हते, त्यामुळे पहिला प्रयत्न फसला. बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेले औषध दिले, आणि रक्तातील साखर उतरली. तो मुलगा आणखी तेरा वर्षे जगला. इन्सुलिनच्या शोधात अग्रेसर असलेले फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. जो आपण बालदिन म्हणून साजरा करतो, तोच जागतिक मधुमेह दिन होय.

आमच्या विद्यार्थ्याला झालेला मधुमेह गूळ-साखर खाल्ल्याने होत नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करतात, हे त्याचे कारण. यात मुलाचा दोष नाही, आईबापांचाही नाही.

मोठ्या माणसांत आढळणारा मधुमेह बहुधा वेगळा असतो. तुमच्या वयात नाकावर एखादा मुरूम उठला की आरसा तो लगेच दाखवितो. वाढत्या वयाच्या स्रावांमुळे त्वचेतील तेलग्रंथी अधिक तेल सोडतात, रंध्रे बुजतात आणि मुरूम येतो. त्याची काळजी मुले उगाच फार करतात. मोठ्यांचा मधुमेह मात्र वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. इन्सुलिन असते, पण ते नीट लागू पडत नाही. पायाला मुंग्या येणे, जखम लवकर न भरणे, दृष्टी अंधुक होणे ही त्याची चिन्हे उशिरा दिसतात.

'हा श्रीमंत, लठ्ठ माणसांचा रोग' असे गावोगावी बोलले जाते. ते खरे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००४ साली त्यांनी एका इंग्रज डॉक्टरमित्राबरोबर स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण इंग्रज मित्राच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगीही चरबी दडलेली असू शकते. तेव्हा 'आमचे आजोबा काटक आहेत, त्यांना कसला मधुमेह!' असे म्हणून तपासणी टाळणे बरे नव्हे.

तो मुलगा महिन्याभराने शाळेत परत आला. त्याच्या घरी शीतकपाट नव्हते. म्हणून इन्सुलिनची कुपी गार राहावी यासाठी त्याच्या आईने ती ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात जपली. त्याच्या खिशात मात्र नेहमी गुळाचा खडा असे. मधुमेह असून गूळ कशाला, असे मुलांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "इन्सुलिनने कधी कधी साखर फारच उतरते. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, की हा लगेच खायचा."

माठ मी त्याच्या वर्गाच्या दाराशी आणवून ठेवला.

स्वाध्याय
१. मुख्याध्यापकांनी केलेले निदान कोणते? ते चुकीचे का ठरले?
२. कोठार व किल्ली या दृष्टान्तात किल्ली म्हणजे काय?
३. मधुमेह असूनही तो मुलगा खिशात गूळ का बाळगीत असे?