काच धुण्याचे पाणी

सावनेरहून नागपूरकडे निघालेली मोटार पाहा. पुढे कोळशाचा ट्रक, मागेही ट्रक. सावनेर तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत. खापरखेड्याला वीजघर आहे. काळी भुकटी आणि राख वाऱ्यावर उडते, मोटारीच्या काचेवर बसते. रात्री समोरून दिवे आले, की मळकी काच सगळी चमकते. रस्त्यात माणूस असो की बैल, ड्रायव्हरला दिसत नाही.

म्हणून बॉनेटखाली पाण्याची लहान टाकी असते. दांडी ओढली, की काचेवर पिचकारी उडते. आधी पाणी, मग वायपर. कोरड्या धुळीवर वायपर फिरवला, तर काचेवर ओरखडे पडतात. ते पुन्हा जात नाहीत.

आता या टाकीत काय घालायचं? कोणी म्हणतो, विहिरीचं पाणी घाला, फुकट आहे. पण पुष्कळ विहिरींचं पाणी जड असतं. त्यात डाळ लवकर शिजत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो. तोच थर पिचकारीच्या छिद्रात बसतो. छिद्र केवढं, तर सुईच्या टोकाएवढं! त्यात साबण टाकला, तर फेस थोडा आणि साका फार. कपड्याची पावडर टाकली, तर उन्हाने तापलेल्या काचेवर ती वाळून पट्टे उठतात. रॉकेल तर मुळीच नको. काच तेलकट होते, वायपरचं रबर फुगतं, आणि बॉनेटखाली आगीचं भय.

मग नुसतं चांगलं पाणी घातलं तर? बरेच लोक तसंच करतात. पण कोमट, साचलेल्या पाण्यात लीजनेला नावाचे जंतू वाढतात. पिचकारीच्या तुषारांतून ते श्वासात जातात आणि न्यूमोनिया होतो. इंग्लंडमध्ये २०१० साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. टाकीत नुसतं पाणी भरणाऱ्यांना हा रोग होण्याचा धोका जास्त दिसला. आपल्याकडे तर उन्हाळा केवढा!

आम्ही सांगतो ते असं. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्यावे. मोटारीच्या सामानाच्या दुकानात काच धुण्याचे औषध मिळते, ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने त्यात मिसळावे. अंदाजाने ओतू नये. बाटलीवर मिथेनॉल लिहिले असेल, तर ती घेऊ नये. बर्फाच्या देशांत पाणी गोठू नये म्हणून ते घालतात. सावनेरला त्याचं काय काम? ते विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. कोणतेही औषध असो, मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पाणी भरताना इंजिन थंड असावे. ज्या झाकणावर काच आणि कारंज्याचे चित्र असते, तेच उघडावे. शेजारी ब्रेकच्या तेलाचे आणि कूलंटचे झाकण असते, त्यांना हात लावू नये. भरून झाले, की दांडी ओढून पाहावी. एका बाजूची पिचकारी उडत नसेल, तर बारीक सुईने हलकेच छिद्र मोकळे करावे.