अंडं बुडालं!
रविवारी स्टाफ क्वार्टर्समधल्या पहिलीच्या मुलांना मी ‘समुद्र’ शिकवला. त्यांच्यापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नाही. मी रत्नागिरीचा, म्हणून काम माझ्याकडे आलं. खाऱ्या पाण्यात वस्तू सहज तरंगतात हे दाखवायला एक लिटर पाण्यात समुद्राइतकंच, सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं आणि ताजं अंडं सोडलं. बुडालं! मुलं खो खो हसली. आधी करून न पाहिल्याची शिक्षा. मग प्रत्येकाने चमचा-चमचा मीठ घालून ढवळलं. बऱ्याच चमच्यांनी अंडं वर आलं.

“भैया, म्हणजे समुद्रात अंडं बुडतं?” एका मुलीने विचारलं.

हो. अंड्याएवढ्या जागेत मावणारं समुद्राचं पाणी अंड्यापेक्षा थोडं हलकंच असतं. तरंगायला मृत समुद्र हवा. तिथे मीठ जवळजवळ दहापट. तो कुठे आहे, हे दाखवायला पुढच्या रविवारी नकाशा नेणार आहे.