चांदीवरची खूण वाचा

मृग जवळ आला होता. काकूंच्या घरी बियाणाला पैसे नव्हते. काकूंनी पेटीतून सासूबाईंची पुरचुंडी काढली. पुरचुंडीत तीन वस्तू होत्या. एक तोड्यांचा जोड, एक रुपयांची माळ आणि तांबड्या खड्याची एक अंगठी.

त्याच दिवशी गावात मोड घेणारा आला. त्याने तोडे हातात घेतले आणि तोंड वाकडे केले.

“मावशी, हे काळं पडलंय. यावर शिक्कापण न्हाई. जर्मन मिसळलेलं दिसतंय. पण तुमच्याकडं बघून अर्धी चांदी धरतो. वजन किती?”

“मामंजींच्या वहीत ४० तोळे लिहिलंय,” काकू म्हणाल्या.

“मग ४०० ग्रॅम झाले. त्यात चांदी २०० ग्रॅम. बोला, देता?”

काकू मागच्या दिवाळीपासून रात्रीच्या वर्गाला जात होत्या. अक्षर आणि आकडा त्यांना आता कळत होता. त्या म्हणाल्या, “दादा, आज न्हाई. आधी मला समदं वाचू द्या.”

दुसऱ्या दिवशी काकू पुरचुंडी घेऊन तालुक्याला गेल्या. तिथे एक जुना, विश्वासाचा सोनार होता.

काळी चांदी खोटी नसते

सोनार म्हणाला, “काकू, हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. खरी चांदीसुद्धा काळी पडते. तेव्हा काळेपणावरून खोटी म्हणू नये.”

“आणि शिक्का?”

“जुन्या दागिन्यावर शिक्का कुठला असणार? आपल्या देशात चांदीला सरकारी हॉलमार्क २००५ सालापासून मिळू लागला. तुमच्या सासूबाईंचे तोडे त्याच्या कितीतरी आधीचे. फार तर घडवणाऱ्या सोनाराच्या नावाचा ठसा असेल. खूण नाही म्हणजे चांदी नाही, असे नव्हे.”

आकड्याचा अर्थ

मग सोनाराने एक नवे पैंजण दाखवले. त्यावर बारीक इंग्रजी आकडा होता. काकूंनी भिंगातून वाचला, “नऊशे पंचवीस.”

“बरोबर. हजार भागांत ९२५ भाग चांदी. बाकीचे ७५ भाग बहुधा तांबे. निव्वळ चांदी मऊ असते, म्हणून तांबे घालावे लागते. ८०० आकडा असेल तर हजारात ८०० भाग चांदी. पण नुसता आकडा कुणीही ठोकू शकतो. आकड्याबरोबर सरकारी खूण आहे का ते पाहावे.”

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कात तीन गोष्टी असतात. भारतीय मानक ब्युरोची खूण व तिच्याबरोबर ‘सिल्व्हर’ हा इंग्रजी शब्द, शुद्धतेचा आकडा, आणि सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइलच्या ॲपवर घालून ताडून पाहता येतो. मात्र तो नियम आला तेव्हा चांदीला ही खूण सक्तीची केली नव्हती. म्हणून घेताना आपणच मागावी.

इंग्लंडात घडलेल्या वस्तूवर चालत्या सिंहाचा छोटा ठसा असतो. त्याचा अर्थही ९२५ भाग चांदी असाच आहे. ‘ई. पी. एन. एस.’ ही चार इंग्रजी अक्षरे दिसली तर सावध व्हावे. ती वस्तू चांदीची नसते. वर नुसता चांदीचा मुलामा असतो. जर्मन सिल्व्हर हे नावही फसवे आहे. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी मुळीच नसते.

रुपयावरची साल

सोनाराने माळ पुढे केली. “काकू, आता हे तुम्हीच वाचा.”

काकूंनी एकेक रुपया वाचला. “एकोणीसशे सात. एकोणीसशे सतरा. एकोणीसशे अठरा. हा एकोणीसशे चव्वेचाळीस.”

“शाबास! या सालीतच सगळे आहे. १९४० च्या आधीच्या इंग्रजी रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. मग दुसरे महायुद्ध आले आणि चांदीची टंचाई झाली. १९४० ते १९४५ या सालींच्या रुपयात निम्मीच चांदी घातली, सुमारे ५.८ ग्रॅम. १९४७ सालचा रुपया तर निकेलचा. दिसायला सारे पांढरे, पण किंमत वेगळी. ज्याला साल वाचता येत नाही, त्याला सगळे एका भावाने विकावे लागतात.”

तोळा कोणता?

मग तोडे काट्यावर ठेवले. काट्याने ४६१ ग्रॅम दाखवले.

काकू चकित झाल्या. “तो तर ४०० म्हणत होता!”

“वहीतला तोळा जुना आहे. तो ११.६६ ग्रॅमचा. ४० तोळे म्हणजे ४६६ ग्रॅम. पाचेक ग्रॅम झिजले असतील. हल्ली बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. तुमचे ६१ ग्रॅम त्याने तोंडातल्या तोंडात गिळले असते.”

पुढे सोनाराने तोडे दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलले. पाण्यात वजन कमी भरते. भरीव शुद्ध चांदी १०५ ग्रॅम असेल तर पाण्यात १० ग्रॅम घटते. तेवढेच पितळ बाराहून जास्त ग्रॅम घटते. तोड्यांची घट चांदीजवळची निघाली. पण पोकळ, लाख भरलेल्या किंवा खडे बसवलेल्या दागिन्याला ही परीक्षा चालत नाही. लाखेचे वजन चांदीच्या भावात जाऊ नये आणि येऊही नये.

शेवटी काकू तोडे घेऊन परख केंद्रात गेल्या. तिथे यंत्राने तपासणी झाली. हजारात ८९० भाग चांदी निघाली. म्हणजे ४६१ ग्रॅममध्ये ४१० ग्रॅम चांदी. मोड घेणारा २०० ग्रॅमचेच पैसे देत होता.

खडा खरा की काच?

अंगठी राहिली होती. काकूंना वाटे, तो खडा माणिक आहे. सोनाराने भिंग लावले आणि ते काकूंच्या हाती दिले.

“आत काय दिसतं?”

“बारीक बुडबुडे दिसतात. आणि पैलूंच्या कडा झिजल्यात.”

“ही काच आहे, काकू. काचेत असे गोल बुडबुडे राहतात. काच मऊ, म्हणून कडा झिजतात. माणिक फार कठीण असते. खरा दगड हाताला गार लागतो, काच तेवढी गार लागत नाही. शिवाय १९०२ सालापासून माणिकही कारखान्यात होऊ लागले. म्हणून जुना लाल खडा म्हणजे खाणीतलेच माणिक, असे समजू नये.”

काकूंना वाईट वाटले. पण खोटी आशा गेली, हेही बरेच झाले.

सोनार म्हणाला, “जुन्या खड्याखाली चकाकी यावी म्हणून पातळ पत्रा लावलेला असतो. तो दागिना पाण्यात भिजवू नका. पोवळ्याला लिंबू किंवा चिंच लावू नका. आंबटाने पोवळे खराब होते. आणि तेजाबाची परीक्षा घरी कधी करू नका. हात भाजतो.”

काकूंनी तोडे ग्रॅमच्या हिशेबाने विकले. पावती घेतली आणि ती स्वतः वाचून पाहिली. बियाणे आले. माळ आणि अंगठी परत पेटीत गेली. माळेबरोबर एक कागदही गेला. त्यावर काकूंनी आपल्या हाताने प्रत्येक रुपयाची साल लिहिली होती. पुढे ती सुनेच्या उपयोगी पडेल.

ध्यानात ठेवा

१. मोड देण्याआधी खूण, आकडा आणि साल वाचा.
२. वजन ग्रॅममध्ये घ्या. काटा आपल्या डोळ्यांनी पाहा.
३. आटवण्याआधी परख करून घ्या. आटल्यावर खूण राहत नाही.
४. पावती वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.

शब्दांचे अर्थ

मोड – मोडून विकायचा जुना दागिना. मुलामा – वरचा पातळ थर. परख – पारख, तपासणी. तेजाब – जाळणारे तीव्र आम्ल.

उत्तरे लिहा

१. ८३५ आकड्याच्या चांदीत हजारात किती भाग चांदी असते?
२. १९१७ आणि १९४४ सालच्या रुपयांत जास्त चांदी कशात? का?
३. जुने १० तोळे म्हणजे किती ग्रॅम?
४. तुमच्या घरी जुना रुपया असेल तर त्यावरची साल वाचा आणि वहीत लिहा.